छोट्या खोलीतली बॅटरी

प्रिय टाचणी,

कपाळाला आठी पडली ना? पडू दे. या नावानं तुला कोणी हाक मारून किती वर्षं झाली, आणि हे नाव ठेवणारी मी नव्हे, हे तुलाही ठाऊक आहे. तरी पेन उचललं आणि आधी हेच उमटलं. फोन का नाही केलास, म्हणशील. फोनवर तू पुरतं ऐकून कुठे घेतेस? मध्येच तुझी मीटिंग उगवते. शिवाय आपलं घर एवढंसं, एका खोलीत शिंकलं तर दुसरीतून कोणीतरी "पाणी पी" म्हणतं. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, मग काय आदळआपट करायची ती कर. पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते: छोट्या खोलीतली डबी बिघडलेली नाही. नवी पाठवू नकोस.

मी स्टुलावरून पडल्याचं शेजारणीनं तुला कळवलं, तू धावत आलीस आणि जाताना घरभर त्या पांढऱ्या डब्या चिकटवून गेलीस. ना वायर, ना खिळा. पोटात बॅटरी आणि पाठीला लोहचुंबक. कॅमेरा नाही हं आई, म्हणालीस, खोलीत माणूस आहे की नाही एवढंच मला फोनवर दिसेल. अगदी गप्प बसलेला असला तरी श्वासावरून तिला कळतं. छोट्या खोलीतला दिवाही तिला जोडलास. माणूस आत गेला की लागतो, बाहेर आला की जातो. मी तेव्हा तुला खूप बोलले, उंटावरून शेळ्या हाकायची हौस म्हणून. मनातून मात्र बरं वाटलं होतं, ते आज कबूल करते. सकाळी स्वयंपाकघरात शिरले की वाटायचं, चला, लेकीला कळलं आपण उठलो ते.

पण यंत्र तुझ्यासारखंच निघालं, पोटात काही राहत नाही. बाकीच्या डब्यांच्या बॅटऱ्या ठणठणीत आणि छोट्या खोलीतली सारखी बदलावी लागते, हे तुझ्याच लक्षात आलं. तूच समजावलंस की खोली रिकामी असली की डबी झोपते आणि माणूस असला की जागी राहून बॅटरी खाते. मग तू विचारलंस, आई, तू दुकानात असताना माझ्या खोलीत कोण असतं गं? मी म्हटलं, पडदा हलत असेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. त्यानंतर तुझा फोन आला की मी आधी खिडकी लावून घ्यायचे, जणू पडदा खरंच हलत होता. तर ऐक. पडदा जागचा हलत नाही. त्या खोलीत तुझी आजी असते.

पत्र फाडलं नसशील तर पुढे लिहिते. तुला ते जुनं घर आठवतं का, खाली छापखाना आणि वर आपण? दुपारभर खालून यंत्राची धडधड आणि वर आजीच्या शिलाई मशीनची. शाळांचे गणवेश शिवायची ती. निळ्या कापडाचे ढीग पडलेले, आणि त्यांच्याखाली तू, हातात नालाच्या आकाराचं लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या वेचत. दर टाचणीला शाबासकी मिळायची. काडीसारखी बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून आजीनं तुझंच नाव टाचणी ठेवलं. लपाछपीत तू नेहमी त्याच कपाटात शिरायचीस आणि आत भात्यासारखा श्वास टाकत बसायचीस. आजी कपाटाला पाठ लावून उभी राहायची नि मला मोठ्यानं सांगायची, "अगं, घरात कोणीच दिसत नाही. पोरगी गेली वाटतं आपल्याला सोडून." मग तू रडकुंडीला येऊन आतून ओरडायचीस, "आहे, आहे, मी आहे!" मी कामावरून दमून यायचे आणि तुम्हा दोघींचा हा गोंधळ बघून चिडायचे. आज ती चिडचिडसुद्धा परत मिळाली तर हवी आहे.

मग तुझे बाबा आणि मी वेगळे झालो. ते कसं आणि का, यावर तुझं-माझं बोलून झालंय. पण तुझा खरा राग बाबांवर नाही, हे मी आई म्हणून ओळखून आहे. आजी त्यांच्याबरोबर गेली. खाली गाडीत मशीन चढवत होते आणि तू जिन्यावरून तिला हाका मारत होतीस. तिनं मान वळवली नाही. तू घरात येऊन तिनं शिवलेल्या गणवेशाची सगळी बटणं कात्रीनं कापलीस आणि मी रात्रभर ती पुन्हा लावत बसले. त्यानंतर तिचं नाव या घरात निघालं नाही. मीही काढलं नाही. मलाही तिनं दगा दिला असंच वाटत होतं.

गेल्या हिवाळ्यात वृद्धाश्रमाची बाई चार-पाच म्हाताऱ्यांना घेऊन आमच्या चष्म्याच्या दुकानात आली. मी नेहमीसारखी एकेकीला खुर्चीत बसवून अक्षरं वाचून घेत होते. एकीला एकही ओळ वाचता येईना. मी भिंग बदलत म्हटलं, आता बघा, जरा स्पष्ट दिसतंय का. तर ती म्हणाली, "दिसत काही नाही. पण आवाज बसलाय तुझा. घसा सांभाळत जा, किती वेळा सांगितलं." माझ्या हातातलं भिंग खाली पडलं आणि फुटलं. ती एवढीशी झाली आहे, खुर्चीत नुसता कोट ठेवल्यासारखी. तुझे बाबा परदेशी आहेत, आश्रमाचे पैसे नेमानं पाठवतात, भेटायला मात्र कोणी येत नाही. मी आधी रविवारी जाऊ लागले. मग एका रविवारी तिची बॅग उचलून घेऊनच आले. छोट्या खोलीत तुझी डबी आधीपासून होतीच.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझे चार दिवस आले आणि मी सासूलाच घरी आणलं, असं मी तिला चिडवते. तीही कमी नाही, अजून माझ्या चहाला नाकं मुरडते. एकदा धीर करून विचारलं, त्या दिवशी मागे वळून का नाही बघितलंत? म्हणाली, "वळले असते तर राहिले असते. आणि तो माझा मुलगा होता गं, त्याच्याकडे दुसरं कोण होतं?" मला ते उत्तर पुरलं नाही. तुलाही पुरणार नाही. पण तिच्याकडे तेवढंच आहे.

ती डबी कशाची, हे मी तिला सांगून बसले, तिथेच चुकलं. म्हटलं, तुमच्या नातीनं लावली आहे. तुम्ही आत असलात की तिला फोनवर कळतं. ती आजी आहे, हे नाही कळत, कोणीतरी माणूस आहे एवढंच. तर म्हणाली, "एवढं कळलं तरी पुष्कळ." तेव्हापासून सकाळी उठली की आधी केस विंचरते, मग डबीसमोर ताठ बसते. मी दुकानात गेले की त्या डबीशी बोलतही असावी. घरी येते तेव्हा तिचा चेहरा कोणीतरी भेटून गेल्यासारखा असतो.

आणि मग गेल्या आठवड्यात तू मला फोनवर म्हणालीस, आई, त्या डबीची संवेदनशीलता मी इथूनच कमी केली, आता पडद्याला भुलणार नाही. संध्याकाळी आजी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, नेहमीसारखी गप्प. आणि नुसता श्वास आता डबीला पुरला नाही, डोक्यावरचा दिवा गेला. मी धावत दाराशी गेले तर अंधारात म्हणते, "तिला कळलं. तिनं विझवला." मी परोपरीनं समजावलं, अहो आई, तिला काही ठाऊकच नाही, तिला वाटतंय पडदा हलतो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "न कळता विझवला तर कळल्यावर काय करील? पोरीला सुट्टीत यायचंय तिच्या खोलीत. आश्रमात माझी खाट अजून आहे का, ते विचार." बॅग भरून दाराशी ठेवली आहे. दिवसभर बाहेरच्या खोलीत पाहुणीसारखी बसते, आणि त्या खोलीत झोपायला तेवढी जाते.

तिला क्षमा कर, असं मी म्हणत नाही. तो तुझा तुझ्याजवळचा हिशेब आहे, मी त्यात पडणार नाही. सुट्टीत येशील तेव्हा भांड, अबोला धर, मित्रमंडळींकडे राहा, मी मधे बोलणार नाही. पण तिला जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलंय. एकटीनं राहण्याची मला सवय होती असं मी तुला इतकी वर्षं सांगत आले, ते खोटं होतं. तू फोनवर ती जी काही पट्टी खाली सरकवलीस, ती पुन्हा वर सरकव. एका बोटाचं काम आहे. फोन करू नकोस, उत्तर लिहू नकोस, नुसतं तेवढं कर. नसेल करायचं तर तसंच राहू दे, मी समजून घेईन आणि तिला मीच पोचवून येईन. मी तिला या पत्राचं सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून, कधी दोरा ओवायला, कधी लोकर धरायला, तिला त्या खोलीत नेऊन बसवते, आणि स्वतः दाराबाहेर उभी राहून दिवा किती वेळ टिकतो ते बघते.

वाट बघणारी,
तुझीच आई