बरणीतले त्रेचाळीस रिव्हेट

सुरुवातीलाच एका रिव्हेटची खरी किंमत लिहून ठेवतो. विमानाच्या पत्र्यात तो मारायला चार सेकंद लागतात. चुकला तर काढायला पाऊण तास. डोक्याच्या बरोबर मध्यावर खूण करायची, दांडीपेक्षा बारीक ड्रिलने डोक्यापुरतेच भोक पाडायचे, डोके उडवायचे, पत्र्यामागे आधार धरायचा आणि दांडी पंचाने हळूच ठोकून बाहेर काढायची. घाई केली की पत्र्याचे भोक लांबट होते आणि मग जाड रिव्हेट शोधत बसावे लागते. मी असे त्रेचाळीस काढले. त्यांत एकवीस ड्रिल मोडले, मानेला पट्टा लागला आणि जावयाशी सात महिने बोलणे बंद झाले. शेवटची बाब मी खर्चात धरत नाही, बचतीत धरतो.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पत्रेकाम, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने व माझ्या खुशीने करीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासले. छातीत जे आहे ते फार महिने थांबणार नाही, डोके मात्र जागेवर आहे, असे त्यांनी लिहून दिले असून तो कागद सोबत आहे. मला कोणीही भरीला घातलेले नाही. तसे करू शकेल असा माणूस आमच्या नात्यात नाही. असता तर त्याला मी कारखान्यात नोकरी दिली असती.

कलम १. राहते घर माझ्या पत्नीचे. त्यातली प्रत्येक वस्तू तिची, कारण कुठली कुठे आहे हे तिलाच ठाऊक. चाळीस वर्षे तिने माझ्या सदऱ्यांतून ॲल्युमिनियमचा कीस झटकला आणि गेल्या अकरा वर्षांत एकदाही विचारले नाही की शेडमध्ये मी बांधतो आहे ते विमान उडणार कधी. मेव्हण्यांनी मात्र दर भेटीत विचारले. सबब, मेव्हण्यांनी या घरावर मजला चढवण्याचा सल्ला देऊ नये, जिना मोजू नये आणि माझ्या खुर्चीत बसू नये. बँकेतली ठेवही पत्नीचीच. तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही, नाहीतर मेव्हणे जेवायला थांबतील.

कलम २. कारखाना व त्याचे नाव मुलीकडे जावे. हा कारखाना मला कोणी दिलेला नाही. मी बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका मालकाकडे झाडू मारायला लागलो. तिथे रिव्हेटवाले ओळीने बसत आणि सगळा दिवस कानठळ्या बसत. मालक सांगे, पोरांनो कापूस घाला. मी घातला नाही. मी ऐकत बसलो. नीट बसणारा रिव्हेट शेवटच्या ठोक्याला आवाज बदलतो. आधी पत्रा वाजत असतो, मग दोन पत्रे मिळून एकच वाजतात. सहा महिन्यांत मी झाडू हातात घेऊन पाठमोरा सांगू लागलो की तिसऱ्या माणसाचा चौथा बाद आहे. मालकाने एकदा तपासले, दोनदा तपासले आणि मग मला हाकलले, कारण तिसरा माणूस त्याचा भाचा होता. त्या दिवशी मी स्वतःचा धंदा काढायचे ठरवले. मालकाचा कारखाना आता नाही. भाचा आहे, विमा विकतो आणि कर्कश बोलतो.

रिव्हेटचे माप घ्यायचे गेज माझ्या कानाला लागत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याने हातात धरायची काठी म्हणजे गेज. या कानांनी मला पन्नास वर्षांत एकदाही फसवलेले नाही, हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

कलम ३. हत्यारे. पत्राकात्र्या, वाकवायचा बाक, हातोड्या, सगळे समोरच्या टर्नरला. त्याला आम्ही मायक्रॉन म्हणतो, कारण तो चहाचा कपही मोजून भरतो. तो खिशात गेज घेऊन हिंडतो, हा त्याचा दोष मी माफ करतो. हौशी विमानवाल्यांच्या मंडळातील सभासदांना काहीही देऊ नये. ते दर रविवारी शेडमध्ये येत, पंखावर कप ठेवत आणि हा छंद फार छान आहे असे म्हणत. त्यांतल्या एकानेही आजवर स्वतःच्या हाताने एक रिव्हेट मारलेला नाही. टोप्या मात्र सगळ्यांकडे आहेत.

रिव्हेट गन आणि लोखंडी ठोकळा यांबद्दल कलम पाचमध्ये पाहावे.

कलम ४. शेडच्या मागचे कुत्रे कोणाचेही नाही. त्याला खायला घालीत राहावे.

कलम ५. विमान. दोन आसनी, संपूर्ण धातूचे, नकाशा विकत घेतलेला, बाकी सगळे हाताने, अकरा वर्षे. ते मुलीला द्यावे. ती उडवायला शिकली आहे, परवाना तिच्याकडे आहे, आणि गन धरताना तिचा हात माझ्याइतकाच स्थिर असतो. तिने स्वतःच्या विमानातून उडावे एवढीच माझी इच्छा उरली आहे. मात्र पुढील अटीवर.

मागच्या पावसाळ्यात मी अकरा दिवस दवाखान्यात होतो. त्या अकरा दिवसांत मला खूश करण्यासाठी मुलगी आणि जावईबापू यांनी डाव्या पंखाच्या मुख्य दांड्याचे, म्हणजे सगळा पंख पेलणाऱ्या आतल्या तुळईचे, रिव्हेट मारून टाकले. मुलीने बाहेरून गन धरली, जावईबापूंनी पंखात हात घालून मागून ठोकळा धरला. जावईबापू कचेरीत काम करतात. तिथे ते इतरांच्या कागदांवर शेरे मारतात. तशाच वृत्तीने त्यांनी ठोकळा धरला असणार.

घरी आल्यावर मी लहान हातोडीने एकेक रिव्हेट वाजवला. मला ऐकू आले ते ऐकू आले. जावईबापू मागे उभे होते.

"चालतंय ना, बाबा?" त्यांनी विचारले.

मी विचारले, काय चालतंय. ते म्हणाले की थोडे कमीजास्त चालते असे पुस्तकातही दिलेले आहे, आणि बरा बसलेला रिव्हेट काढायला गेले तर उलट जास्त नुकसान होते असेही दिलेले आहे.

"चालवायचं असेल तर सायकल घ्या," मी म्हणालो. "हे उडवायचं आहे."

चालतंय हा शब्द मी कारखान्यात बंद केला होता. तो म्हणणाऱ्याचा अर्धा दिवस कापला जाई. दुसऱ्याच दिवशी मी ड्रिल घेतले आणि तीन आठवड्यांत त्रेचाळीस काढले. मुख्य दांड्याची नऊ भोके काढताना लांबट झाली. विमान तपासायला येणारा अधिकारी आला, बूट पुसून आत आला, नऊ भोके पाहिली आणि म्हणाला की दांड्याची ती पट्टी बदलल्याशिवाय सही देणार नाही. भोके लांबट झाली ती जावयाच्या रिव्हेटांपायी. रिव्हेट नीट असते तर मी काढलेच नसते.

शेडची भिंत पत्र्याची आहे. तिच्यापलीकडे कोण काय बोलते ते मला ऐकू येते. त्याच संध्याकाळी जावईबापू मुलीला म्हणाले, "बाबांना ते विमान पुरं करायचंच नाहीये. पुरं झालं तर चुका कोणाच्या काढणार?" कचेरीतल्या माणसाकडून मला याहून शहाण्या बोलण्याची अपेक्षा नव्हती. तेव्हापासून बोलणे बंद.

नवी पट्टी आली आहे, मांडणीवर गुंडाळून ठेवली आहे. तिला एकशे बारा रिव्हेट लागतील आणि दोन माणसे. माझा हात आता ठोकळा पेलत नाही. मुलीने विचारले, मग ठोकळा कोण धरणार? मी म्हणालो, एखादा कारागीर शोध. ती म्हणाली, "होते तेवढे तुम्हीच हाकलले ना, बाबा." हे खरे आहे. सगळे चालतंयवाले होते.

तरीही अट अशी: जावईबापूंनी गनला, ठोकळ्याला व विमानाला हात लावू नये. लावल्यास, किंवा माझ्यामागे दोन वर्षांत विमान पुरे न झाल्यास, ते कापून भंगारात द्यावे. वाईट रिव्हेटांच्या पंखाखाली माझी मुलगी वर जाण्यापेक्षा पत्र्याचे डबे झालेले बरे.

कलम ६. जावईबापूंना कपाटावरची काचेची बरणी द्यावी, आतील त्रेचाळीस बाद रिव्हेटांसह. पंचाने काढल्यामुळे प्रत्येकाचे मागचे, ठोकळ्यावर चपटे झालेले डोके शाबूत आहे. कोणाला शंका असेल त्याने खुशाल माप लावून पाहावे. त्यांत एक जरी चांगला निघाला तर कलम पाचमधील अट रद्द समजावी.

कलम ७. हे कलम मी आज, वरचा मजकूर साक्षीदारांसमोर वाचून झाल्यावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

वाचन वकीलबाईंनी केले. कलम सहा संपले तशी मुलगी उठली, कपाटावरची बरणी घेऊन आली आणि मायक्रॉनपुढे हात केला. म्हणाली, काका, गेज द्या. मायक्रॉनने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, दे, दे, शंका राहायला नको. पत्नीने कोणी न सांगता टेबलावर वर्तमानपत्र अंथरले आणि कपबशा उचलल्या.

मुलीने एकेक रिव्हेट घेतला, आधी रुंदी लावली, मग उंची. बाद झालेला डावीकडे, मापातला उजवीकडे. उजवीकडे ठेवताना ती दर वेळी म्हणायची, "चालतंय." हळूच म्हणायची, पण मला ऐकू येत होते. जावईबापू दारात उभे होते. पहिले दहाबारा झाल्यावर ते तिला म्हणाले, "राहू दे ना आता. कळलं त्यांना." मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. मी म्हणालो, राहू दे नाही, शेवटपर्यंत मोज. सात महिन्यांत त्यांच्या बोलण्याला दिलेले हे माझे पहिले उत्तर.

तिने शेवटपर्यंत मोजले. आकडा खाली तिच्या अक्षरात आहे. मी लिहिणार नाही.

वकीलबाई म्हणाल्या की कागद नव्याने टाईप करून आणू, स्वच्छ. मी म्हणालो, नको, काढायला गेलं की भोक मोठं होतं. अट तेवढी रेघ मारून खोडली आहे, शेजारी माझी सही आहे. बाकी सगळे होते तसे राहू द्यावे, मेव्हण्यांबद्दलचेही.

गन मुलीला. ठोकळा जावईबापूंना. नवी पट्टी त्या दोघांनी मारावी. मारताना गेज वापरावे. जावईबापू मला अजूनही आवडत नाहीत. त्यांचा हात बरा आहे, एवढेच. उद्या सकाळी दहाला कामाला लागावे. मी खुर्ची घेऊन बसेन. मी काहीही वाजवून पाहणार नाही. बरणी त्यांना नको असल्यास रिकामी करून लोणी ठेवायला पत्नीला द्यावी.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : नऊ मार्च, दुपारी साडेबारा
सही : (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १ : समोरचा टर्नर, उर्फ मायक्रॉन. सही माझ्यासमोर झाली. गेज माझे असून बरोबर आहे.

साक्षीदार २ : डॉक्टर. मृत्युपत्र करणार पूर्ण शुद्धीत होते. आज सकाळी कानही तपासले. उजव्या कानाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे त्यांना सांगितले असता ते म्हणाले, काय?

सोबतची यादी, मुलीच्या अक्षरात :
डॉक्टरांचा दाखला, एक.
काचेची बरणी, एक. आत रिव्हेट त्रेचाळीस. पैकी मापात, अडतीस.