वर्ष पुरं व्हायच्या आत

१९ ऑक्टोबर २००४, मंगळवार

आज वेटिंग रूमची काच फुटली. वेसनं फोडली, डोक्यानं. सगळीकडे रक्त, खेळण्यांच्या टोपलीत पण.

वेस नदीवरचा. मासे धरतो, दारातून वाकून यावं लागतं एवढा धिप्पाड. फेब्रुवारीत त्याच्या धाकट्या भावाला, (इथं नाव होतं, नंतर खोडलं), गावातल्या बारच्या पार्किंग लॉटमध्ये दोघांनी लाथा घालून घालून संपवलं. तेव्हापासून हा पितो, भिंती फोडतो, आणि बायकोला मारतो. टीनाचा दंड मी स्वतः पाहिलाय, काळानिळा. म्हणे दारात सापडला. दारात बोटं सापडतात बाई, दंड नाही.

रिसेप्शनची मुलगी पोलिसांना फोन लावत होती. लॉरेटामावशींनी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि जाऊन वेसशेजारी काचांमध्ये बसल्या. मावशी आमच्या काउन्सेलर, इथल्याच मूळ अमेरिकन जमातीतल्या. सगळं गाव त्यांना आँटी म्हणतं, माझ्या तोंडात आपोआप मावशी येतं. नुसत्या बसल्या. दहाएक मिनिटांनी तो शांत. मी सायकिअॅट्रिस्ट, सिरिंज घेऊन बावळटासारखी उभी.

२१ ऑक्टो., गुरुवार

बॉथेलच्या घरून निघाल्यापासून पाऊस, क्लिनिकपर्यंत वायपर थांबले नाहीत. समीर सकाळी परत तेच, "व्हिसासाठीची ही वेव्हरची वर्षं संपली ना, की रेडमंडला प्रायव्हेट बघ यार. कशाला रोज मरायला जातेस?" आज डबाच दिला नाही.

वेसला नदीवरून भावाची हाक ऐकू येते. माझ्याआधीच्या गोऱ्या डॉक्टरबाईनं सायकोसिस लिहून ठेवलंय आणि घोड्याचा डोस. वेडी का काय ती. आपल्याकडे कावळा शिवेपर्यंत माणूस कुठं जातो? आजीच्या दहाव्याला सगळे घाटावर दोन तास ताटकळलो होतो, कारण तिची इच्छा राहिली होती. तेव्हा आम्हाला कुणी गोळ्या नाही दिल्या.

गोळी कमी केली, बंदच करणार. मावशी म्हणाल्या, "तू ऐकून घेतेस. आधीच्या नुसत्या लिहायच्या." मूठभर मांस चढलं अंगावर.

२८ ऑक्टो., गुरुवार

कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोलिसांना आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना ट्रेनिंग दिलं. मी आणि मावशी. विषय: इथल्या माणसाचं डोकं फिरलं तर त्याच्याशी कसं वागायचं. डोनट संपेपर्यंत सगळे हजर.

एक ढेरपोट्या डेप्युटी: "म्हणजे तो बुक्के मारत असेल तर मी जमिनीवर बसायचं का?" हशा.

मावशी: "नाही. चार गाड्या घेऊन यायचं नाही, एवढंच."

माझा भाग बरा झाला. संस्कृती, दुःख, आदर वगैरे. समीरला घरी येऊन निम्मं भाषण परत ऐकवलं. तो म्हणाला, "गुड, गुड," आणि मॅच बघत राहिला.

८ नोव्हें., सोमवार

वेस आठवडाभर प्यायला नाही. पण भावाबद्दल अक्षर काढत नाही. नुसतं "तो". तो असा, तो तसा. गळू आहे, फोडल्याशिवाय बरं व्हायचं नाही. उद्या काय करायचं ते ठरलंय माझं. घरून तांब्या नेते.

१४ नोव्हें., रविवार

जबडा तारेनं बांधलाय. बोलता येत नाही, लिहिता येतं. लिहिते.

मंगळवारी वेस वेळेवर आला. दाढी केलेली. मी टेबलावर तांब्या ठेवला, पाणी भरून. म्हटलं, आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेऊन पाणी सोडतात, म्हणजे ते त्याला पोचतं. आपण करू या का? त्यानं मान हलवली. नाही. मला वाटलं, रेझिस्टन्स. कॉलेजात शिकवलेलं असतं ना सगळं. म्हटलं, मग मी घेते, तुम्ही नुसतं ऐका.

घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. तो थरथरायला लागला. मला वाटलं, आता रडेल, आता सुटेल. म्हणून परत घेतलं. मोठ्यानं.

आधी तांब्या लागला, मग मूठ. खाली पडल्यावर पण. प्रत्येक बुक्क्याला एकच, "परत घे. परत घे ते." त्याचा तोल गेलेला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तो मला काहीतरी करायला सांगत होता आणि मला ते येत नव्हतं. माझा दात कार्पेटवर दिसला, माझाच आहे हे कळायला वेळ लागला.

चार गाड्या आल्या. त्याला टेझरगननं करंट दिला. तो कोसळला, परत दिला. मग मानेवर बूट. तोच ढेरपोट्या. वेसचं तोंड माझ्या रक्तात दाबलेलं, माझ्यापासून हातभर, डोळे उघडे. मला "थांबा" म्हणायचं होतं. तोंडातून नुसते बुडबुडे आले.

१८ नोव्हें., गुरुवार

नागपूरहून आईचा फोन. समीरनं सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. माझ्याकडे बघत सांगितलं, मी मान डोलावली. किती बायकांकडून हे वाक्य ऐकलंय मी, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलंय, खोटं बोलतेय.

समीर फोन ठेवून किचनमध्ये गेला आणि तिथं रडला. मी ऐकत पडले.

२६ नोव्हें., शुक्रवार

मावशी आल्या, बॉथेलला, पहिल्यांदाच. धुरावर वाळवलेला मासा घेऊन. मला चावता येत नाही हे बघून स्वतःच हसल्या आणि समीरला खायला लावला. त्यानं खाल्ला, आणि पहिल्यांदा त्या लोकांबद्दल काही वाईट बोलला नाही.

मग म्हणाल्या, "तू त्याला हाक मारलीस. तो जात होता, आणि तू मागून हाक मारलीस."

त्यांच्यात माणूस गेला की नाव वर्षभर ठेवून देतात. फोटोवर कापड. कुणी उच्चारत नाही, नाहीतर गेलेला मागे वळतो. वर्ष पुरं झालं की घरचे सगळ्यांना जेवू घालतात, फोटो उघडतात, तेव्हा नाव परत येतं. येत्या फेब्रुवारीत होतंय ते.

पाटीवर लिहिलं, मला कुणी का नाही सांगितलं?

"सांगितलं. पोलिसांच्या ट्रेनिंगला. तू तिथंच होतीस."

होते. प्रोजेक्टरपाशी, माझी पुढची स्लाइड शोधत. मला वाटलं, हे त्यांच्यासाठी चाललंय. माझ्याकडे काय, सगळं आधीच होतं, घाट, कावळा, तांब्या.

गोऱ्या डॉक्टरला नावं ठेवत होते मी. तिनं निदान त्या नावाला हात तरी लावला नाही.

आणि तरीही मला त्याचा राग आहे. लिहूनच ठेवते. जबडा माझा आहे. झोपेत कुणी अंगावर हात टाकला की मी ओरडते, आणि तो हात समीरचा असतो.

७ डिसें., मंगळवार

सरकारी वकील आला होता. तरुण, टाय सैल, घाईत. क्लिनिकची जागा जमातीची नाही, कौंटीची, म्हणून खटला कौंटी कोर्टात. वेसवर मारामारीच्या आधीच्या केसेस आहेत, या वेळी वर्षानुवर्षं आत जाईल; पण भावाच्या दुःखाची कोर्टाला दया आली, तर काही महिन्यांत बाहेर. तुरुंगात त्याच्या बरगड्या मोडल्यात. कुणी मोडल्या, माहीत नाही.

"तुम्ही नेमकं काय बोललात, ते शब्दन् शब्द सांगायचं."

तारा निघाल्यात, पण दात आवळूनच बोलते. विचारलं, नावाऐवजी 'भाऊ' म्हटलं तर?

"डॉक्टर, त्या नावावरूनच सगळं झालं. ज्युरीला ते ऐकू द्या. एक साधं नाव, आणि त्यावर हा माणूस काय करतो."

४ जाने. २००५, मंगळवार

परत कामावर. नवी काच बसली आहे.

मावशी म्हणाल्या, वेसची आई रोज कोर्टात बसणार. "तिच्यासमोर घेऊ नकोस. वर्ष व्हायचंय अजून. जजला विनंती कर, ऐकतील."

करते म्हटलं. मनापासून म्हटलं. एवढं तरी हातून नीट होऊ दे.

२० जाने., गुरुवार

टीना आली, अपॉइंटमेंट न घेता. दार लावलं. स्वेटर काढला.

कोपर वाकडं जुळलेलं. खांद्यापासून खाली एक लांब व्रण, मासा चिरायच्या सुरीचा. कानामागं केस नाहीत, नुसती चकचकीत कातडी. भाऊ गेला फेब्रुवारीत. यातलं बरंच त्याच्या कितीतरी आधीचं. मी सहा महिने तिच्या नवऱ्याचं दुःख ऐकत होते, आणि ही बाहेर मासिक वाचत बसलेली असायची.

"तुम्ही जजला विनंती करणार म्हणे."

हो म्हटलं.

"नका करू. नाव घ्या. मोठ्यानं घ्या, त्या दिवशी घेतलंत तसं. तो उठेल. बेड्यांसकट तुमच्या अंगावर येईल. बघू दे सगळ्यांना. नाहीतर शिक्षेच्या वेळी आँटी उभ्या राहून सांगतील, चांगला माणूस आहे, दुःखात आहे. आणि तो घरी येईल."

मी म्हटलं, तुम्ही पण इथल्याच ना. तुमचं वर्ष नाही का चालू?

"माझा दीर होता तो. लाडका. मलाही त्याला मागं बोलवायचं नाहीये." स्वेटर घालताना कोपर अडकलं, मी मदत करायला गेले, तिनं हात झटकला. "पण मेलेला मला मारत नाही."

मावशींना सांगितलं. वाटलं, काही समजुतीचं बोलतील. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. म्हणाल्या, "मला माहीत होतं." मी त्यांच्यावर ओरडले. क्लिनिकमध्ये, सगळ्यांसमोर. काय माहीत होतं? कधीपासून?

२४ जाने., सोमवार. कोर्टाचा कॉरिडॉर

साक्षीदारांना आत बसता येत नाही, म्हणून इथं बाकावर. वेसला नेलं. कमरेला साखळी, एका बाजूला कललेला, बरगड्या धरून. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला त्याची दया आली. मग टीनाचं कोपर आठवलं आणि दयेचाच संताप आला.

वकील बाहेर येऊन सांगून गेला. मी केली नाही ती विनंती मावशींनीच केली, त्यावर जजनं ठरवलंय: नाव घ्यायचं की नाही, साक्षीदारानं ठरवावं. म्हणजे मी.

समीर म्हणतो, "तुला हवं ते कर, मी मागेच बसेन." बिचारा.

घेतलं तर ती आई तिथंच मोडेल, वेस साखळीसकट झेप घेईल, आणि पोलिसांचे बूट तयारच आहेत. नाही घेतलं तर उन्हाळ्यापर्यंत तो सुटेल. टीना मग कुणाच्या दारात सापडेल?

दाराला काचेची पट्टी आहे. आतलं थोडंसं दिसतं. पुढच्या रांगेत मावशी आणि वेसची आई, हातात हात. पलीकडे टीना एकटी. आत्ता तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. आवाज नाही. नाव होतं.

बेलिफ बोलावतोय. जाते.