स्वच्छ आलेले फोटो

३ फेब्रु.
वळसंगच्या शिबिरातून डोळ्याच्या पडद्याचे फोटो आता भराभर येतात. मी ते कॉम्प्रेस करून, म्हणजे फाइल दाबून, इतके हलके केलेत की तिथल्या तुटक्या रेंजवरही निघतात. इकडे दवाखान्यात आधी संगणक तपासतो, मग डॉक्टर बघतात. डॉ. म्हणाले, "केवढे स्वच्छ दिसतात!" दिवसभर मी हवेत होते.

९ फेब्रु.
शिबिराच्या नर्सबाईंचा फोन. सुंदराबाई म्हणून आहेत, मेंढरं राखतात, मधुमेह आहे. 'दोष नाही' असा रिपोर्ट गेलाय. तरी म्हणतात, "डोळ्याम्होरं काजळी उडती की वो." फोटो उघडला. काहीच नाही. तरी तो बंद करवेना.

१० फेब्रु.
आजार पक्का ठाऊक असलेला एक जुना फोटो घेतला, माझ्याच पद्धतीने दाबला. बारीक लाल ठिपके गायब! संगणक: दोष नाही. सेटिंग ठरवताना डॉ.ना विचारत बसले, छान दिसतंय ना, छान दिसतंय ना. संगणकाला तेच ठिपके सापडतात का, हे बघितलंच नाही. मूर्ख.

सुंदराबाईंचा मूळ, न दाबलेला फोटो मागितला. नर्सबाई, "पाठवला की पुसतो मॅडम. टॅब भरतो की." हा नियमही माझाच.

११ फेब्रु.
सकाळी डॉ.च्या केबिनपर्यंत गेले, नुसता चहा पिऊन आले. लाज वाटली. दुपारी सांगितलं. "ज्यांचे फोटो असे दाबून आलेत, ते सगळे परत बोलवा. सुंदराबाई आधी." ओरडले असते तर बरं झालं असतं.

१३ फेब्रु.
सुं.बाई कळपाबरोबर टेंभुर्णीकडे. नवऱ्याने फोन उचलला. "फोटू झालाय न्हवं? तुमीच म्हनला, काय न्हाय म्हून."
चूक माझी, म्हटलं. तो, "मेंढरं कुणावर टाकू?... बरं. उद्या आनतो."
जेवण गेलं नाही.

१४ फेब्रु.
आल्या. वळसंगला नवा फोटो काढला, जवळजवळ न दाबता. नर्सबाईंच्या फोनवर मागून सुं.बाई, "पोरी, आता नीट दिसंल न्हवं तुला?"
हो म्हणाले.
फोटो जड, रेंज तीच. वरून खाली पट्टी पट्टी उतरतोय. डॉ. खुर्ची ओढून शेजारी बसलेत. अर्धा आलाय. स्वच्छ दिसतोय. नुसतं स्वच्छ दिसलं की आता भीतीच वाटते. अजून खालचा अर्धा यायचाय.