चंपी अणदूरला गेली

अहो,

तुमचा फोन घरीच राहिलाय म्हणून लिहितेय. चंपीला हुडकू नका, ती अणदूरला आहे! आत्ताच माझ्या अव्वाचा फोन आला. एवढं पोट घेऊन ती कुत्री दहा किलोमीटर चालत माझ्या माहेरी गेली! लग्नानंतर जीपमधून आपल्यासंग आली, तेवढाच रस्ता तिनं बघितलेला. जिथं जन्मली त्याच गोठ्यात, कडब्यावर चार पिल्लं झालीत.

इथं आठ दिवस मी बाजेखाली पोतं अंथरलं, त्यावर माझी मऊ साडी घातली. तिनं हुंगलंसुद्धा न्हाय.

मलाही आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, असं तीनदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "इथं काय कमी आहे?" कमी काहीच न्हाय हो.

भाकरी टोपलीत आहे. दवाखान्याची फाईल मी घेतलीय. साडेतीनच्या एसटीनं जाते. लगेच न्यायला येऊ नका. पाचवीला या. पिल्लांच्या न्हाय, आपल्या बाळाच्या.

श्रीदेवी