फ्रेममध्ये न मावलेलं वाक्य

कॅन्सस
१४ सप्टेंबर

प्रिय ऑर्व्हल मामा,

तू ठणठणीत असशील, तुझा गुडघा तेवढा नसेल, आणि कुत्री अजून पोस्टमनच्या मागं लागत असेल, असं धरून चालतो. मी मजेत आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोंड घालता येत नाही.

तेलाच्या विहिरीवर काम जोरात आहे. आपल्या केंटकीत डोंगर तरी होते, इथं नजर अडायला काही नाही. सकाळी निघालेला ट्रक दुपारीही दिसतच असतो.

बातमी अशी, की मी लग्न करतोय! पोरीचं नाव अ‍ॅडा वीब. बाप कार्ल, गव्हाचा शेतकरी. माणसं मेनोनाइट आहेत, म्हणजे आपल्यासारखीच येशूला मानणारी, पण माणसावर हत्यार उचलायचं नाही, सैन्यातसुद्धा जायचं नाही, अशी. घे, आता हस. पहिल्यांदा घरी गेलो तर स्वयंपाकघराच्या दारामागं दुनळी बंदूक! मी तिच्याकडं बोट दाखवलं. कार्ल म्हणाला, "मग लावे पक्षी काय टाळ्या वाजवून मारू?"

जेवताना तुझा विषय निघाला. शाळेत मला अक्षर लागेना, तेव्हा मामानं भिंतीवरच्या फ्रेममधल्या अमेरिकेच्या घटनेतल्या वाक्यावर बोट ठेवून वाचायला शिकवलं, असं मी फुशारकीनं सांगितलं. तोंडपाठ म्हणूनही दाखवलं, "शस्त्रं जवळ ठेवण्याचा आणि बाळगण्याचा लोकांचा हक्क हिरावला जाणार नाही."

अ‍ॅडा म्हणाली, "छान. आणि पहिला अर्धा?"

"कुठला पहिला अर्धा?"

अख्खं टेबल हसलं, मामा. त्याच्या आधी शिस्तीतल्या लोकसेनेचं आहे म्हणे, स्वतंत्र राज्याच्या रक्षणाला ती लागते असं. फ्रेम लहान पडली म्हणून तू कागद वरून दुमडलास, होय ना?

मी चिडलो. "म्हणजे माझा मामा खोटा?"

तर कार्लच म्हणाला, "नाही रे बाबा. कोर्टानंही म्हटलंय, हक्क ज्याचा त्याचा. मला एवढंच विचारायचंय, बाळगायचा हक्क आहे, तर न बाळगायचाही असेल की नाही?"

मी बटाटे खात बसलो.

लग्न ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, त्यांच्या चर्चमध्ये. आई गेल्यापासून माझ्या बाजूचा तू एकटा. तेव्हा लग्नात माझ्या शेजारी तूच उभं राहायचंस. ट्रक घेऊन ये. चर्चचं अंगण मोठं आहे, सावली आहे. दाराला एक पाटी आहे, पण साधीच आहे. तुझ्या ट्रकमधल्या पेटीचं कुलूप अजून लागतं ना?

बघ, किती वळसे घालतोय.

पाटी म्हणते, पिस्तूल बाहेर ठेवा, आणि जिथं असं म्हणतात तिथं तू पाऊल टाकत नाहीस. त्यापायी डॉक्टरच्या दारातून परत आलास आणि दुखरा दात पक्कडीनं स्वतःच उपटलास. "एकदा काढून ठेवलं की हक्क गंजतो," हे तुझंच बोलणं. मी कार्लला सांगितलं. तो डोकं खाजवून म्हणाला, "एकुलता मामा तुझा. येऊ दे तसाच. मी मंडळींशी बोलतो, पाटी त्या दिवसापुरती उतरवू."

म्हणून हे त्यांचं मागणं नाही. माझं आहे. मामा, पिस्तूल ट्रकमध्ये ठेवून आत ये. तुझा हक्क कुणी हिरावत नाहीये. पण त्यांनी तुझ्यासाठी पाटी उतरवावी आणि आपण तिथं कंबरेला पिस्तूल लावून ताठ उभं राहावं, हे मला गिळवणार नाही. रागावलास तर रागाव. पण रागावून घरी बसू नकोस.

अ‍ॅडाची आजी चीज भरलेल्या कानवल्यांवर हॅमचा दाट रस्सा ओतून वाढते, आणि नाही म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. पट्टा सैल करूनच ये. पिस्तुलाला तिथं जागा उरणार नाही.

तू आला नाहीस तरी तुझ्या जागी दुसरं कुणी उभं करणार नाही.

तुझा,
जडसन