समुद्रफुलांची वीण

३ ऑक्टोबर, अल्माटी
नोकरी लागली! येरकेबुलान आगांच्या बैठकीतली भिंतभर लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायची. आत प्रवाळ, जोकरमासे आणि मधोमध परातीएवढी दोन समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, वाऱ्यावर डोलावीत तशी डोलणारी. मला माडीवरची खोली मिळाली. खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात. आगांच्या आईंनी, कुलाश आपांनी, गरम बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे, पुढ्यात ठेवले. म्हणाल्या, "खा गं पोरी, मासे कुठे पळून जात नाहीत."

८ ऑक्टोबर
हातमोजे घालायचे नाहीत, रबराने पाणी बिघडतं म्हणे. आज दगड हलवताना तळहात चिरला. पट्टी बांधायला निघाले तर आगा म्हणाले, "दामेली, एवढं मत्स्यशास्त्र शिकलीस आणि ओरखड्याला रडतेस?" मी पट्टी परत ठेवली. कशाला ठेवली?

१२ ऑक्टोबर
सकाळी दहाला समुद्रफुलं विणीला आली. एकाच्या तोंडातून पांढरा धूर निघाला, दुसऱ्याच्या तोंडातून अंड्यांचे बारीक दाणे. बघता बघता पाणी दुधासारखं झालं. मासे वर येऊन धापा टाकू लागले. पाणी बदलायला धावले, तर आगांनी नळी हिसकावली. माझा चिरलेला हात कोपरापर्यंत आत घालून ढवळायला लावलं. सहा मासे मेले. हा माणूस टाळ्या पिटत होता!

१५ ऑक्टोबर
जखम भरत नाही. कडेने गुलाबी ठिपके आलेत. मिठाच्या पाण्यात हात धरला की उघडतात. भिंगातून पाहिलं. प्रत्येकाला तोंड आहे.

१६ ऑक्टोबर
आगांना दाखवलं. डॉक्टरला बोलावतील वाटलं होतं. ते आनंदाने ओरडले, "रुजली!" माझं मनगट सोडेनात. मी किंचाळले. दारात उभ्या आपा हळूच म्हणाल्या, शिनारही अशीच किंचाळायची. शिनार म्हणजे माझ्याआधी टाकी सांभाळणारी. ती कुठे गेली विचारलं, तर त्यांनी टाकीकडे पाहिलं.

१७ ऑक्टोबर
माझ्या खोलीला बाहेरून कडी. फोन काढून घेतला. ठिपके मनगटापर्यंत आलेत. आगा कोळंबीचा लगदा आणून देतात — मला नाही, हाताला. आणि तो खातो.

१८ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहितेय. आपांनी कडी काढली. ब्लीचची बाटली पायाशी ठेवून गेल्या. आगा आंघोळीला —

खाली जाऊन टाकीत ओतलं, परत वर आले. टाकीतलं सगळं आक्रसलं, पांढरं पडलं. माझा संताप काही शमला नाही. अर्धी बाटली हातासाठी राखली होती. झाकण उघडलं —

नाही. नाही ओतत. राहू देत हातावरची ही जिवंत.

आगांनी टाकी पाहिली. गुरासारखे हंबरतायत. जिना चढतायत. या. दार उघडंच आहे. तुम्हाला हवीत ना — घ्या, सगळी घ्या, हा घ्या हात, तोंड उघ —