थॉमसभाऊंच्या गोळ्या

३ ऑगस्ट २०१४, रविवार
प्रसाद गेल्यावर पहिल्यांदाच चर्चमध्ये उपासनेला गेले. मी आलेय हे थॉमसभाऊंना दिसलं नसावं. पुढे उभे राहून साक्ष देत होते. "माझी गाडी बसस्टॉपवर चढली, काचा फुटल्या, पण प्रभूने मला ओरखडाही येऊ दिला नाही." लोक आमेन म्हणाले.
त्याच बसस्टॉपवर माझा नवरा उभा होता.
उठून बाहेर आले.

६ ऑग.
पाळकसाहेब सेंगकांगला आमच्या घरी आले. "देवाची योजना आपल्याला आज कळत नाही." पोलीस म्हणतात, अपघात. योजना म्हणा नाहीतर योगायोग, दोन्हीत थॉमसभाऊ सुटतात. मला ते सुटायला नकोत.
पाळक माझ्या लेकीला, नेहाला म्हणाले, येशूला पप्पा हवे होते. ती इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली, "बट ही ऑलरेडी हॅज सो मेनी पीपल लाह." पाळक चहा पीत राहिले.

९ ऑग., नॅशनल डेची सुट्टी
थॉमसभाऊंच्या मार्थावहिनी डबा घेऊन आल्या. नवऱ्याच्या वतीने माफी मागता मागता ओट्यापाशी रडायला लागल्या. "त्यांना फिट येते गं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं. देवाने बरं केलं म्हणत गोळ्याच सोडल्या त्यांनी." मग दचकून, "कुणाला बोलू नकोस हं, बाई."
मी त्यांचा हात धरून बसले. मनात एकच शब्द: सापडला!

१२ ऑग.
गुडघ्यावर बसून प्रार्थना केली. त्यांना तुरुंगात टाक. मंडळीला त्यांच्यापासून तोंड फिरवू दे. साक्ष देणारी ती जीभ झडू दे. आमेन म्हणताना अडखळले नाही. सगळं तुझ्या इच्छेने होतं ना? मग वहिनींच्या तोंडून हे मला कुणी ऐकवलं?

१४ ऑग.
थॉमसभाऊंचा फोन. "देवाच्या मनात काय होतं..."
"देवाला मध्ये आणू नका. गाडी तुम्ही चालवत होता."
"हो."
वाटलं होतं, हे ऐकलं की शांत वाटेल. उलट आणखी पेटले.

१८ ऑग., सोमवार
पोलीस स्टेशनात बसून फोनवर लिहितेय. फिट, गोळ्या, सगळं सांगितलं. अधिकारी बाईने विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"
प्रसादला पुरताना मला उभं राहवेना, तेव्हा वहिनींनीच कमरेला विळखा घालून धरलं होतं.
पाणी मागितलं. ती आणायला गेलीय.
प्रभू, आज तू काही सुचवू नकोस. वहिनींचं नाव घ्यायचं की नाही ते मी
आली.